थायरॉइडचे डोळे : कोणत्या टप्प्यावर काय करायचं

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव हे विणकरांचं गाव. कोशाचं कापड विणणारे माग इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. मागावर बसलेल्या माणसाची नजर दिवसभर खाली असते, ताण्यावर, धोट्यावर, तुटलेल्या तारेवर. पावसाळ्यात बांधीत रोवणीला वाकलेल्या बाईची नजरही खालीच. थायरॉइडमुळे होणाऱ्या डोळ्यांच्या आजाराबद्दल लिहिताना मी या खाली असलेल्या नजरेपासून सुरुवात करते आहे, त्याला कारण आहे. डोळा फिरवणारे सहा स्नायू असतात. या आजारात त्यांतला डोळ्याच्या गोळ्याखालचा स्नायू बहुतेक वेळा आधी सुजतो आणि मग आखडतो. तो आखडला की डोळा वर वळताना अडतो आणि वर पाहताना एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. खाली पाहताना मात्र सगळं ठीक. म्हणजे विणणाऱ्याला माग नीट दिसतो, रोवणी करणारीला पऱ्हे नीट दिसतात, आणि आजार महिनोन्‌महिने लपून राहतो. कधी छताचा पंखा दोन दिसला तर माणूस म्हणतो, थकवा असेल, झोप झाली नसेल.

म्हणून घरच्या घरी एक गोष्ट करून बघा. ताठ बसा, मान अजिबात न हलवता नुसत्या डोळ्यांनी वर बघा, मग डावीकडे, मग उजवीकडे. कुठे दोन-दोन दिसलं तर एक डोळा हाताने झाका. झाकल्यावर दोनाचं एक झालं, तर दोन्ही डोळे एका रेषेत नाहीत. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला दोन दिसत राहिलं, तर कारण बहुधा वेगळं असतं, मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर. डॉक्टरांना एवढं सांगितलंत तरी त्यांचं निम्मं काम सोपं होतं. घरातलं कुणी हल्ली हनुवटी वर करून बघू लागलं असेल, तर तेही ध्यानात घ्या. दोन दिसू नये म्हणून माणूस नकळत तशी मान धरतो.

आता हा आजार म्हणजे काय ते सांगते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आणि डोळ्यामागची चरबी व स्नायू यांचा तसा शेजार नाही. पण शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा जेव्हा चुकून थायरॉइडवरच हल्ला करते, तेव्हा त्या हल्ल्यासाठी बनलेली प्रतिद्रव्यं (अँटीबॉडी) डोळ्यामागच्या पेशींनाही चिथावतात. त्या पेशी पाणी धरून ठेवणारा पदार्थ तयार करतात, स्नायू आणि चरबी फुगते. डोळ्याची खोबण हाडाची असते, ती पसरत नाही. फुगलेल्याला जागा हवी, म्हणून डोळा पुढे ढकलला जातो. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली आणि जर्मनीतले बासेडो यांनी १८४० साली थायरॉइडच्या सुजेबरोबर येणाऱ्या या पुढे आलेल्या डोळ्यांचं वर्णन केलं. ग्रेव्हज यांचंच नाव त्या थायरॉइडच्या आजाराला मिळालं. ग्रेव्हज असलेल्या सगळ्यांचे डोळे बिघडत नाहीत. ज्यांचे बिघडतात त्यांतल्याही बहुतेकांचा त्रास सौम्य राहतो. नजर जाण्याइतकी पाळी शंभरातल्या पाचेक जणांवर येते. बायकांना हा आजार जास्त होतो, पुरुषांना कमी, पण पुरुषांमध्ये तो बरेचदा जास्त तीव्र असतो.

सुरुवातीला लोक याला डोळे आले असं समजतात. डोळा लाल, पाणी येतं, पापण्या सकाळी सुजलेल्या, वाळू गेल्यासारखं खुपतं. मेडिकलमधून थेंब आणले जातात, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. डोळे आले असतील तर चिकट घाण येते, घरात दुसऱ्यालाही लागण होते आणि आठ-पंधरा दिवसांत ते आवरतं. इथे आठवडे जातात, घाण नसते, आणि एक गोष्ट वेगळी दिसते: वरची पापणी वर ओढली जाते. काळ्या बुबुळाच्या वर पांढरी कड दिसू लागते. या आजाराची सगळ्यात जास्त आढळणारी खूण हीच, डोळा पुढे येण्याआधीचीसुद्धा. शेजारीण विचारते, 'काय गं, रागावली का?' आणि आपण रागावलेलो नसतो.

अशा वेळी जुना फोटो काढा. आधार कार्डावरचा, लग्नातला, कुठलाही. रोज आरशात बघणाऱ्याला हळूहळू होणारा बदल कळत नाही, तो फोटोत कळतो. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, समोरून आणि बाजूने मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा आणि तारीख लिहा. सुरुवातीचे सहा महिने कसे गेले हे डॉक्टरांना शब्दांत सांगणं अवघड असतं. फोटो ते सांगतात.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या थेंबांबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे. लाली पटकन घालवणाऱ्या बऱ्याच थेंबांत स्टिरॉइड असतं. ते या आजाराच्या मुळाशी, डोळ्यामागे, पोचत नाही. पण महिनोन्‌महिने घातलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू मात्र देऊन जातं. मध, दूध, गुलाबपाणी, झाडपाल्याचा रस यांतलंही काही डोळ्यात घालू नका. आधीच नीट न मिटणाऱ्या डोळ्यात जंतू गेले तर बुबुळावर जखम होते.

तपासणीसाठी दोन दारं ठोठावावी लागतात, आणि दोन्ही एकाच वेळी. एक थायरॉइडचं, म्हणजे फिजिशियन किंवा हार्मोनतज्ज्ञ. दुसरं डोळ्यांचं. रक्तात टीएसएच, टी-३, टी-४ बघतात आणि जमल्यास ती प्रतिद्रव्यं, म्हणजे टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडी. थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे डोळ्यांचा आजार नाही, असं समजून घरी परतू नका. काहींना डोळ्यांचा त्रास आधी होतो आणि थायरॉइड पुढे काही महिन्यांनी बिघडतं. थोड्यांचं तर थायरॉइड कमी काम करत असतं. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. त्या गोळ्यांमुळे थायरॉइडचा रिपोर्ट खोटा बिघडलेला दिसू शकतो. डोळ्यांचे डॉक्टर डोळा किती मिलिमीटर पुढे आला ते मोजतात, रंग ओळखायला लावतात, बाजूचं किती दिसतं ते तपासतात, आणि गरज पडल्यास डोळ्यामागचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय काढतात. एकच डोळा पुढे आला असेल तर स्कॅन टाळू नका. कारण तसं दिसण्यामागे गाठही असू शकते, आणि ताप व ठणका असेल तर डोळ्यामागचा जंतुसंसर्गही.

या आजाराला एक घड्याळ असतं, आणि माझ्या मते रुग्णाने समजून घ्यायची सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. पहिला काळ पेटलेला असतो. लाली, सूज, दुखणं, दर महिन्याला काही ना काही बदल. तो साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालतो, कधी त्याहून लांबतो. मग आग विझते. लाली जाते, दुखणं जातं, पण स्नायू आणि चरबीत जो बदल झाला तो बराचसा तसाच राहतो. औषधांचा उपयोग पेटलेल्या काळात. ऑपरेशनचा उपयोग विझल्यावर. उलट केलं की पैसा आणि वर्ष दोन्ही वाया जातात. पेटलेल्या डोळ्याच्या पापणीचं ऑपरेशन केलं तर नंतर डोळा आणखी पुढे येऊन सगळं बिघडू शकतं. विझलेल्या डोळ्यासाठी स्टिरॉइड घेत बसलं तर डोळा मागे जात नाही, साखर मात्र वाढते.

पेटलेला की विझलेला हे डॉक्टर सात प्रश्नांनी ठरवतात. न हलवता डोळ्यामागे दुखतं का, फिरवताना दुखतं का, पापण्या लाल आहेत का, सुजल्यात का, डोळ्याचा पांढरा भाग लाल आहे का, त्यावर पाण्यासारखी सूज आहे का, आणि नाकाकडच्या कोपऱ्यातला मांसल भाग सुजलाय का. सातांपैकी तीन किंवा जास्त हो आले तर आजार पेटलेला मानतात. त्यातले पहिले दोन फक्त तुम्हीच सांगू शकता. 'बरं आहे' म्हणून गप्प बसू नका.

बिडी

भंडारा-गोंदियाकडे तेंदूपत्ता आणि बिडी हा पोटाचा धंदा. बिडी वळणाऱ्या हातांचा मी अनादर करत नाही. पण या आजारात धूम्रपान हे सगळ्यात मोठं, आपल्या हातात असलेलं कारण आहे, आणि ते लपवून सांगता येणार नाही. ओढणाऱ्याला हा आजार होण्याची शक्यता कितीतरी पटीने वाढते, झाला तर तीव्र होतो, औषधाला गुण कमी येतो, आणि थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं तर डोळे बिघडण्याचा धोकाही त्यालाच जास्त. बिडी म्हणजे सिगारेट नव्हे, असा समज कुणी धरू नये, धूर तो धूरच. दिवसाला वीसच्या पाच झाल्या तर काही मिळवलं हे खरं, पण थांबायचं शून्यावर. घरातला दुसरा माणूस ओढत असेल तर त्याने रुग्णासमोर, खोलीत, ओढू नये. बिडी सोडली म्हणून खर्रा धरला, असं आपल्याकडे सर्रास होतं. तेही करू नका. खर्रा तोंडाच्या कॅन्सरचं दार उघडतो. एकट्याने सुटत नसेल तर तंबाखू सोडवण्यासाठी राष्ट्रीय फोनसेवा आहे, १८००-११-२३५६, बोलायला पैसे लागत नाहीत.

थायरॉइड काबूत, म्हणजे नेमकं काय

भूक असून वजन उतरणं, छातीत धडधड, घाम, उकाडा सहन न होणं, हात थरथरणं, या थायरॉइड वाढल्याच्या खुणा. कोशाची तुटलेली तार जोडताना बोटं थरथरू लागली तर विणकराला ती खूण आधी कळेल. थायरॉइड वाढलेलं असेल तर कार्बिमाझोलसारखी गोळी साधारण वर्ष-दीड वर्ष घ्यावी लागते, आणि सुरुवातीला चार ते सहा आठवड्यांनी रक्त तपासावं लागतं. ही तपासणी चुकवू नका. थायरॉइड वर राहिलं तरी डोळे चिडतात, आणि औषध जास्त होऊन ते फार खाली गेलं तरीही. मधली पातळी सांभाळणं हाच डोळ्यांचा पहिला इलाज. कार्बिमाझोल चालू असताना ताप आला, घसा दुखू लागला, तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्या. क्वचित त्या एकदम खाली जातात. दिवस गेले असतील किंवा जाणार असतील तर तेही आधी सांगा, गोळी बदलावी लागते.

किरणोत्सारी आयोडीनचा सल्ला मिळाला तर 'डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून सांगतो' असं म्हणायला संकोचू नका. पेटलेल्या डोळ्यांत ते देणं बहुधा टाळतात, किंवा द्यावंच लागलं तर सोबत काही आठवडे स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. आयोडीनवाल्या मिठाचं विचाराल तर नेहमीचं मीठ सोडू नका. घरातल्या लेकरांना त्याची गरज आहे. समुद्री शेवाळाच्या गोळ्या, 'थायरॉइड टॉनिक' म्हणून विकली जाणारी चूर्णं मात्र नकोत.

सौम्य आजार असलेल्या कित्येकांना डोळ्यांसाठी थायरॉइड काबूत ठेवण्यानेच भागतं, जोडीला रोजची निगा. दिवसातून चार-सहा वेळा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री जाडसर मलम किंवा जेल. झोपताना डोळा उघडा राहतो का हे आपल्याला कळत नाही, घरच्यांना टॉर्च बाजूने धरून बघायला सांगा. राहत असेल तर मलम घालून पापणी कागदी चिकटपट्टीने हलकेच मिटवून घ्यावी. डोक्याखाली दोन उश्या घ्या किंवा खाटेचं डोक्याकडचं टोक विटा लावून उचला, म्हणजे सकाळची सूज कमी राहते. उन्हाळ्यात विदर्भाचं ऊन आणि गरम वारा डोळा सुकवून टाकतात. बाजूनेही झाकणारा गडद चष्मा घाला, वर दुपट्टा. धान चुरताना उडणारी धूळ आणि चुलीचा धूर यांपासून शक्य तेवढं लांब बसा. पंखा थेट तोंडावर नको.

सेलेनियमच्या गोळ्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०११ साली युरोपात झालेल्या एका अभ्यासात, सौम्य आजाराच्या रुग्णांना सहा महिने दिवसाला दोनशे मायक्रोग्रॅम सेलेनियम दिल्यावर डोळ्यांना फायदा दिसला. पण तिथल्या लोकांच्या आहारात सेलेनियम कमी होतं. आपल्या मनाने वर्षभर घेऊ नका. जास्त झालं तर केस गळतात, नखं तुटतात.

मध्यम ते तीव्र, आणि पेटलेला आजार असेल तर मुख्य औषध म्हणजे शिरेतून दिलं जाणारं मिथाइलप्रेडनिसोलोन. रूढ पद्धत अशी की आठवड्यातून एकदा ५०० मिलिग्रॅम, सहा आठवडे, मग २५० मिलिग्रॅम, आणखी सहा आठवडे. एकूण साडेचार ग्रॅम. रोजच्या गोळ्यांपेक्षा यात गुण जास्त आणि त्रास कमी. तरी ते साधं औषध नाही. आधी साखर, रक्तदाब, यकृत, कावीळ बी आणि सी, टीबी यांची तपासणी झालीच पाहिजे. आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट. सिकलसेल असेल तर आवर्जून सांगा, कार्ड दाखवा, कारण स्टिरॉइडमुळे सिकलसेलचं दुखणं उठू शकतं. गोळ्या दिल्या असतील तर बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका, त्या उतरत्या क्रमानेच थांबतात. शिरेतल्या औषधाचे बारा आठवडे म्हणजे बारा फेऱ्या. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांचा हिशेब आधी सांगून तारखा ठरवा, मध्येच सोडण्यापेक्षा ते बरं. याच्या जोडीला कधी मायकोफेनोलेट देतात, कधी डोळ्यामागे किरणोपचार, दोन आठवड्यांत दहा वेळा. मधुमेहाने पडदा बिघडलेला असेल तर किरणोपचार टाळतात.

२०२० साली अमेरिकेत टेप्रोटुमुमॅब नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. तीन आठवड्यांनी एक, अशी आठ सलाइन. डोळा मागे जाण्याच्या बाबतीत आजवरच्या औषधांत ते उजवं ठरलं, पण काहींचं ऐकणं कमी झालं, साखर वाढली, आणि किंमत साध्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर. त्यासाठी शेत गहाण ठेवायला कुणी सांगत असेल तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. डोळा मागे नेण्याचं काम पुढे ऑपरेशननेही होतं.

वाट न बघण्याची वेळ

काही खुणा दिसल्या तर उद्यावर ढकलू नये. डोळ्यामागच्या गर्दीत दृष्टीची नस चेपली जाते तेव्हा डोळा फार पुढे आलेला असेलच असं नाही, उलट घट्ट खोबणीत आत राहिलेल्या डोळ्यालाच जास्त दाब बसू शकतो. आधी रंग फिके होतात. कोशाच्या लुगड्याचा लाल काठ घ्या, एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. एकीकडे लाल आणि दुसरीकडे विटकरी, धुवट दिसला, किंवा नजर मंदावली, मधे-बाजूला काळोख वाटला, तर त्याच दिवशी निघा. दुसरी खूण: डोळा मिटत नाही, खूप दुखतं, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. या दोन्हींत नजर वाचवायला तातडीने इलाज लागतो, कधी जास्त डोसचं स्टिरॉइड, कधी लगेच ऑपरेशन. अशा वेळी 'आजार विझू द्या' हा नियम लागू नाही.

आंधळगावहून मोहाडी, तिथून भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय, आणि भंडाऱ्याहून पुढे साधारण साठ किलोमीटरवर नागपूर. नागपूरला मेडिकल, मेयो आणि मिहानकडे एम्स ही सरकारी रुग्णालयं आहेत. जाण्याआधी फोन करून किंवा जिल्हा रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन विचारा की हार्मोनतज्ज्ञ आणि डोळ्याच्या खोबणीचं ऑपरेशन करणारे नेत्रतज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात. मोतीबिंदू काढणारे सगळेच हे काम करत नाहीत. सोबत एक पिशवी: सगळे रक्ताचे रिपोर्ट तारखेनुसार, गोळ्यांची पाकिटं, थेंबांच्या बाटल्या, मोबाइलमधले फोटो, आधार आणि रेशन कार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं काय बसतं हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, बिल झाल्यावर नव्हे. रोजच्या गोळ्या जन औषधी दुकानात स्वस्त मिळतात.

दोन दिसत असेल तर मोटरसायकल चालवू नका, विहिरीच्या काठाशी आणि शिडीवर जपा. इलाज होईपर्यंत एका डोळ्यावर पट्टी किंवा चष्म्याच्या एका काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावली की काम निभतं. तिरकेपणा स्थिर असेल तर काचेवर प्रिझम बसवतात. पेटलेल्या काळात महागडा नवीन चष्मा करू नका, नंबर बदलत राहतो.

आजार विझून सहा महिने काहीच हललं नाही, थायरॉइडही स्थिर राहिलं, की ऑपरेशनचा विचार. क्रम ठरलेला आहे. आधी खोबणीचं हाड कमी करून डोळ्याला आत जागा देतात, मग तिरकेपणाचं, शेवटी पापणीचं. कारण हाडाच्या ऑपरेशनने तिरकेपणा बदलतो, कधी नव्याने दोन दिसू लागतं, आणि तिरकेपणाच्या ऑपरेशनने पापणी बदलते. सगळ्यांना तिन्ही लागत नाहीत. कुणाला एकट्या पापणीच्या ऑपरेशनने भागतं.

आणि या वर्ष-दोन वर्षांत घरच्यांनी एक सांभाळावं. आरशात चेहरा परका वाटू लागला की माणूस लग्नाला, बाजाराला जाणं टाळतो, डोकं खाली घालून बसतो. त्यात थायरॉइड वाढलेलं असेल तर चिडचिड, रडू, झोप न येणं हे त्या आजाराचंच असतं, स्वभाव बिघडलेला नसतो. 'नजर लागली' म्हणून उतारा करत बसू नका, आणि 'डोळे काय मोठे करून बघतेस' असं थट्टेतही म्हणू नका. नागपूरच्या फेरीला रुग्णासोबत जा. डॉक्टरांसमोर रुग्ण 'बरं आहे' म्हणाला, तर फिरवताना डोळा दुखतो हे तुम्ही सांगा.